मगदूम मिस्त्रींचा कान

"बसा साहेब, जागा धरा," मगदूम मिस्त्री म्हणाले आणि ऑइलचा रिकामा डबा त्यांनी पायानं माझ्याकडं सरकवला.

ही जागा ठरलेली होती. उघड्या बॉनेटच्या डाव्या अंगाला, मिस्त्रींच्या बरोब्बर समोर, पालथ्या डब्यावर. एकदा ऊन आलं म्हणून मी हातभर सावलीत सरकलो, तर हातातला पाना टाकून ते आले आणि मला उठवून, डबा उचलून, परत जुन्या जागी मांडून गेले. मला वाटलं, जिव्हाळा.

त्या सोमवारी सकाळी डब्याच्या पुढ्यात एक नव्हे, दोन गाड्या उभ्या होत्या आणि त्यांच्या मधोमध डॉक्टर वाटवे उभे होते. हात मागं बांधून, पेशंट टेबलावर वाट बघत असल्यासारखे.

माझ्याबद्दल दोन शब्द आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं लुडबुड नको. साल त्र्याण्णव, गाव मिरज, वय एकोणतीस. एका औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून मी दवाखान्यांच्या बाकांवर बसायचा पगार घेत होतो. नाव विश्राम गोंधळेकर. विश्राम हे नाव ठेवताना घरच्यांनी पाळण्यात वाकून पाहिलं नसावं. मला जन्मापासून बसवत नाही. बसलोच तर माझा उजवा पाय बसत नाही. तो चवड्यावर उभा राहून थडथड हलत असतो. "पाय हलवू नकोस, घरात दळिद्र येतं," हे वाक्य मी आईकडून, दोन मावश्यांकडून, तीन मास्तरांकडून आणि सांगलीच्या एका मुलीच्या मामाकडून ऐकलेलं आहे. मामानं ते पोह्यांची बशी माझ्या हातात असताना म्हटलं, आणि ते स्थळ तिथंच संपलं.

अख्ख्या मिरजेत एका मगदूम मिस्त्रींनी मला पाय हलवू नका असं कधी म्हटलं नाही. म्हणून तर मी त्यांच्याकडं जायचो. सतारमेकरांच्या गल्लीमागं त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. रोज सकाळी तासभर, कधी दोन तास, मी डब्यावर बसून पाय हलवायचो आणि ते इंजिनं दुरुस्त करायचे. दोघांनाही समाधान होतं.

"मगदूम, नीट ऐका," डॉक्टर म्हणाले. मिस्त्री गाडीला वळसा घालून त्यांच्या तोंडासमोर येऊन उभे राहिले. कुणीही बोलायला लागलं की ते असेच समोर यायचे. आदर.

"ही माझी नवी गाडी. परदेशी आहे, तेव्हा जपून. सकाळी सुरू केली की पाचेक सेकंद टकटक वाजते आणि मग गप्प होते. आणि ही आपल्या हॉस्पिटलची ॲम्ब्युलन्स. ही सारखी टकटक करते. गप्प म्हणून बसत नाही."

एवढं बोलून डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी गुडघ्यावर हात दाबून धरला.

"लक्षण एक आहे, म्हणजे आजारही एकच," डॉक्टर म्हणाले. "औषध एकच द्या आणि मला सोडा."

"न्हाई डॉक्टर. आवाज टॅपेटचाच, पर आजार येगळा." मिस्त्रींनी फळीवरून बोटाएवढा पोलादी तुकडा काढून डॉक्टरांच्या तळहातावर ठेवला. "ह्यो जुना टॅपेट. असले तुमच्या ॲम्ब्युलन्समधी आठ हायत. इंजिनात एक दांडा फिरतोय, त्याला उंचवटं असत्यात. उंचवटा आला की ह्यो वर उचलतोय आणि व्हॉल्व्ह उघडतोय. पेट्रोल आत, धूर भाईर. जन्मभर तेवढंच काम. आता ह्यो भरीव. इंजिन तापलं की लोखंड वाढतंय. त्याला वाढाय जागा नको? म्हणून कागदाएवढी फट सोडायची. फट सोडली की जरा वाजणारच."

"आणि माझ्या गाडीतला?"

"त्यो तेलाचा. पोटात तेल भरून घेतोय आणि फट आपली आपणच बुजवतोय. रातभर गाडी उभी ऱ्हायली की तेल खाली उतरतंय, म्हणून सकाळी पाच सेकंद बोंबलतोय. पोटात गेलं की गप. तान्ह्या पोरागत. त्याला काय करायचं न्हाई."

"म्हणजे तेलाचा चांगला."

"लाडाचा हाय. त्याला चोख ऑइल लागतंय, येळच्या येळी लागतंय. आणि बिघडला की फेकायचा. जुना बिघडत न्हाई. अधनंमधनं त्याच्याकडं बघावं लागतंय, एवढंच. तिसराबी असतोय, पायाला चाक लावलेला. त्यो घासत न्हाई, गडगडत जातोय. मुंबईला होतो तवा दोनदा बघितला." मिस्त्रींनी तो तुकडा परत घेऊन धोतराच्या जुन्या फडक्यानं पुसला. "एक ध्यानात ठेवा डॉक्टर. जुना जरा बोलत असला तर बरा, आणि तेलाचा गप असला तर बरा. उलटं झालं की समजायचं, घरात काय तरी झालंय."

"हे आमच्या घरालाही लागू आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. मग त्यांनी घड्याळ पाहिलं. "ऐका मगदूम. हॉस्पिटलच्या दोन्ही ॲम्ब्युलन्स आणि माझी ही गाडी, तिन्हींचं बारमाही काम मी एकाच ठिकाणी देणार आहे. सांगलीच्या नव्या वर्कशॉपचा माणूस काल टाय लावून येऊन गेला. त्यांच्याकडं यंत्रं आहेत म्हणे. मी म्हटलं, आमच्याकडं कान आहे. आता तो कान दाखवा. ॲम्ब्युलन्सचं काम चोख झालं तर तिन्ही गाड्या तुमच्या."

मगदूम मिस्त्रींचा कान हे मिरजेचं एक प्रेक्षणीय स्थळ होतं. गेज नावाचा पोलादी पात्यांचा जुडगा सगळ्याच मिस्त्रींकडं असतो. फटीत पातं घालायचं, ते जरा ओढून सरकलं की फट बरोबर. मगदूम मिस्त्रींकडंही तो होता, पण फळीवर, धूळ खात. शेवटचा हात ते इंजिन चालू ठेवून, कानावर फिरवायचे. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर, लाकडी मूठ कानाला, आणि नजर समोर. म्हणजे माझ्यावर. पण माझ्या आरपार, गवयी षड्ज लावताना बघतो तशी. जत-कवठेमहांकाळपासून लोक हे बघायला यायचे. "गेज सगळ्यांकडं असती," मिस्त्री म्हणायचे, "कान एकाकडंच."

पण अलीकडं नव्या गाड्या आल्या होत्या आणि जुन्या कमी झाल्या होत्या. मिस्त्रींच्या मेहुण्याची सांगलीत हळदीची वखार होती. गोण्यांवर लक्ष ठेवायला घरचा माणूस हवा म्हणून तो दर दिवाळीला निरोप धाडायचा. या दिवाळीला त्यानं निरोप नव्हे, खुर्ची घेऊन ठेवली होती. मिस्त्रींची बायको पद्माक्का ती खुर्ची बघून आली होती. "गादी हाय तिला," एवढंच तिनं सांगितलं, आणि मिस्त्री दोन दिवस जेवले नव्हते. डॉक्टरांच्या तीन गाड्या मिळाल्या तर गॅरेज राहणार होतं. नाहीतर गादीची खुर्ची.

डॉक्टर रिक्षानं गेले. मिस्त्रींनी आधी परदेशी गाडी सुरू केली. पाच सेकंद टकटक झाली आणि मग त्या इंजिनातून जे काही आलं त्याला आवाज म्हणता येत नाही. पाण्यावर तेल पसरावं तशी शांतता पसरली. मिस्त्रींनी ऑइल बघितलं, बेल्ट बघितला, अर्धा-पाऊण तास इंजिन चालू ठेवलं. आणि माझा पाय थांबला.

मी खाली वाकून पाहिलं. खरंच थांबला होता. टाच जमिनीला टेकलेली. इतका गप्प पाय मी स्वतःचा आधी पाहिला नव्हता. मिस्त्रींनीही पाहिला. "व्वा," ते म्हणाले. मला वाटलं, इंजिनाला.

मग ॲम्ब्युलन्स. त्या शांततेनंतर तिची टकटक म्हणजे कुणी कपाळावर वाटाणे मारावेत तशी लागली. पाय पूर्वीपेक्षा जोरात सुटला. डबा थडथडायला लागला. मिस्त्रींनी वरचं झाकण काढलं, स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला, नजर समोर रोवली आणि एकेक टॅपेट आवळत गेले. पहिला, दुसरा, तिसरा. आवाज कमी झाला. नेहमी जेवढा राहतो तेवढा, हलका, राहिला. पण त्या दिवशी तेवढाही मला सोसवेना. पाय चालूच. मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं, भुवया गोळा केल्या, आणखी आवळलं. पाय चालूच. आणखी एक फेरी. आठवा टॅपेट झाला तेव्हा ॲम्ब्युलन्स जवळजवळ त्या परदेशी गाडीसारखी निवांत झाली होती. पाय थांबला.

"झालं," मिस्त्री म्हणाले.

संध्याकाळी डॉक्टर आले. त्यांनी ॲम्ब्युलन्स सुरू केली, कान टवकारला आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "चालू आहे ना?"

"चालू आहे," मी म्हणालो.

"मगदूम, मानलं."

मिस्त्री हसले. पद्माक्कानं त्या दिवशी शेवयांची खीर केली होती. मलाही वाटीभर मिळाली.

गुरुवारी दुपारी ॲम्ब्युलन्स परत आली. दोरानं बांधून, द्राक्षांच्या टेम्पोमागं.

तीन दिवसांत तिनं जतच्या दोन आणि ढालगावची एक खेप केली होती. चौथ्या खेपेला, दंडोबाच्या डोंगराअलीकडच्या चढावर, तिच्यातला जीव गेला. सायलेन्सरमधून फटफट झाली, ताकद गेली, आणि ती उतारावर मागं घसरायला लागली. आत पेशंट. पाण्याच्या टाकीवरून पडून मांडी मोडलेले एक हेडमास्तर. भर उन्हात दोन तास ते स्ट्रेचरवर पडून ड्रायव्हरच्या शुद्धलेखनाच्या चुका काढत होते. मग द्राक्षांचा टेम्पो आला. हेडमास्तर पेट्यांमधून मिरजेला पोचले, एक पेटी हलकी करून. त्यांना आणखी काही झालं नव्हतं. पण टेम्पोच्या पाठोपाठ डॉक्टर आले होते.

"माझ्या हेडमास्तरांची नुसती मांडीच मोडलीये, म्हणून ते आज वॉर्डात द्राक्षं खाताहेत," डॉक्टर म्हणाले. आवाज चढवला नव्हता. तो चढवला असता तर बरं झालं असतं. "उद्या आतडं फुटलेला माणूस असता, तर मी दंडोबाला नारळ फोडायला गेलो असतो का?"

मिस्त्री त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"गोंधळेकर, सोमवारी तुम्ही इथंच होतात. तुम्हांला ती गाडी कशी वाटली?"

"छान वाटली," मी म्हणालो.

"तुमच्या कंपनीचं खोकल्याचं औषधही तुम्ही मला छान म्हणून विकता." ते परत मिस्त्रींकडं वळले. "शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मी येतो. मला इंजिन नीट झालेलं पाहिजे आणि हे कसं झालं ते कळलं पाहिजे. नाहीतर सोमवारी तिन्ही गाड्या सांगलीला."

डॉक्टर गेल्यावर मिस्त्रींनी इंजिनाचं हेड उतरवलं. दोन व्हॉल्व्ह हातात घेऊन ते उन्हात आले. त्यांच्या कडा कुणी पापड चावावा तशा तुटल्या होत्या.

"जळालेत," ते म्हणाले. "फटच न्हाई ऱ्हायली. लोखंड तापलं, वाढाय जागा न्हाई, मग व्हॉल्व्ह मिटणार कसा? उघडाच ऱ्हायला आणि जळाला." गल्लीत कुणीतरी तंबोरा लावत होतं. मिस्त्रींनी तिकडं बोट केलं. "तिथं तारंखाली सुताचा दोरा सरकवत्यात, बघितलाय? तेवढी फट. ती न्हाई ठेवली तर तार मुकी. हे आमच्या बापानं शिकवलंय मला."

"मग राहिली कशी नाही?"

मिस्त्रींनी व्हॉल्व्ह फडक्यात गुंडाळले, माझ्या समोर आले आणि खाली उकिडवे बसले.

"साहेब," ते म्हणाले, "सोमवारी तुमचा पाय चुकला."

मला काही कळलं नाही. मी पायाकडं पाहिलं.

"चार वर्सं झाली, मला टॅपेट ऐकू येत न्हाई. माणसाचं बोलणं तोंडाकडं बघून कळतंय. बारीक आवाज पार गेले. पहिल्यांदा पाखरं गेली, मग टॅपेट." ते अगदी गाडीबद्दल सांगावं तसं सांगत होते. "एक वरीस अंदाजानं काढलं. मग तुम्ही आला तवा ध्यानात आलं. टॅपेट वाजला की तुमचा पाय जोरात. बरोबर बसला की सावकाश. मी नव्या-जुन्या सगळ्या गाड्यांवर ताडून बघितलं. एकदाबी चुकला न्हाई. गेजपरीस पक्का."

"म्हणून तुम्ही मला कधी पाय हलवू नका म्हणाला नाहीत."

"कान कापून घ्यायचा का मी?"

मी डब्यावरून उठलो. मग परत बसलो. तीन वर्षं मी समजत होतो की या माणसाला माझ्या गप्पा आवडतात.

"सोमवारी त्या तेलाच्या टॅपेटची गाडी आधी ऐकवली तुमास्नी," मिस्त्री म्हणाले. "तिथं चुकलं. त्या शांततेची चटक लागली पायाला. मग जुन्या इंजिनाची बरोबर टकटकबी त्याला खुपाय लागली. मला काय ठावं? पाय थांबंना, म्हणून मी आवळत गेलो."

पद्माक्का डबा घेऊन मागनं आली. नेहमीसारखी वळसा घालून नवऱ्याच्या समोर उभी राहिली, आणि तेव्हा कुठं मला कळलं की तो आदर नव्हता.

"सांगितलंसा?" तिनं विचारलं.

"सांगितलं."

"चार वर्सांपूर्वी सांगाय पाहिजे होतं," ती म्हणाली आणि भाकरी वाढायला बसली.

शुक्रवारी नवे व्हॉल्व्ह बसले, घासून झाले. शनिवारी सकाळी हेड चढलं. बारा वाजता इंजिन सुरू झालं आणि मी डब्यावर बसलो. आता सगळी भिस्त पायावर होती.

आणि पाय हलेना.

एकदा कळल्यावर ते गेलंच. मी पायाकडं बघायचो, तो माझ्याकडं बघायचा. मी मुद्दाम दुसरीकडं बघून औषधांची नावं आठवली. डोळे मिटले. उठून फेऱ्या मारून आलो. पाय सुटायचा, पण तो मी हलवायचो म्हणून. इंजिन मोठ्यानं कडकड करत असतानाही तो ढिम्म, आणि मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला की नुसत्या घाबरण्यानं थडथड. बाकी सगळं अंग मात्र वळवळत होतं. मी नखं खाल्ली. शर्टाचं एक बटण तोडलं. दोन वाजले, तीन वाजले. मिस्त्री एक टॅपेट आवळायचे, माझ्याकडं बघायचे, तोच सैल करायचे, माझ्याकडं बघायचे. त्यांच्या कपाळावरून घाम इंजिनावर पडून चर्र वाजत होता. तोही मलाच ऐकू येत होता.

"साहेब, मनातनं काढून टाका," ते म्हणाले.

"तुम्ही माझ्याकडं बघू नका ना!"

"बघू नको तर ऐकू कसा?"

"तोंडानं सांगतो मी. आता जास्त वाजतोय."

"जास्त म्हंजी कसा? जुंधळा पडल्यागत का हरभरा?"

मी ऐकलं. मला काहीच सांगता येईना. तीन वर्षं जे पाय बिनबोभाट सांगत होता ते डोक्याला ठाऊकच नव्हतं.

साडेतीन वाजता पद्माक्का उठली. इंजिनाची किल्ली फिरवून तिनं ते बंद केलं. मग फळीवरून गेजचा जुडगा काढला, पदरानं त्यावरची धूळ पुसली आणि नवऱ्याच्या समोर जाऊन उभी राहिली.

"ही काय पूजेला ठेवलीया?"

"गेज सगळ्यांकडं असती," मिस्त्री पुटपुटले.

"मग तुमच्याकडंबी असू दे. बोटं गेल्यात का कानाबरोबर?"

"लोक काय म्हणतील? मगदूम मिस्त्रीचा कान..."

"लोक हळदीच्या वखारीत याचे न्हाईत बघाय," ती म्हणाली.

मिस्त्रींनी गेज घेतली. इंजिन निवेपर्यंत ते तिथंच उभे राहिले, पात्यांवरून अंगठा फिरवत. मग त्यांनी डोळे मिटून पहिलं पातं फटीत सरकवलं. मी त्यांच्या बोटांकडं बघत होतो. पातं आत जाताना बोटं थांबायची, किंचित ओढायची, परत सोडायची. आठ टॅपेट, चाळीस मिनिटं. एकदाही त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मला कुणीतरी नोकरीवरून काढल्यासारखं झालं.

पाचच्या ठोक्याला डॉक्टर आले.

"झालं?"

"झालं."

"सुरू करा. आणि कान लावा. मला माझ्या डोळ्यांदेखत बघायचंय."

इंजिन सुरू झालं. मिस्त्रींनी लांब स्क्रू-ड्रायव्हर उचलला, टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि सवयीनं समोर पाहिलं. मी ठरवून ठेवलं होतं की आता पाय सावकाश हलवायचा, बरोबर असल्यासारखा. मी हलवलासुद्धा. मिस्त्रींनी तो पाहिला. माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग त्यांनी मूठ कानावरून काढली, स्क्रू-ड्रायव्हर उलटा केला आणि डॉक्टरांच्या हातात दिला.

"तुम्ही ऐका डॉक्टर," ते म्हणाले. "मला ऐकू येत न्हाई."

पद्माक्कानं डोक्यावरचा पदर सारखा केला. डॉक्टरांनी स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून मिस्त्रींच्या कानाकडं पाहिलं.

"किती वर्षं?"

"चार."

"मग चार वर्षं माझ्या गाड्या कुणी ऐकल्या?"

मिस्त्रींनी माझ्याकडं बोट केलं. "तीन वर्सं ह्यांच्या पायानं."

डॉक्टरांनी माझा पाय बराच वेळ तपासला. लांबूनच. "गोंधळेकर," ते शेवटी म्हणाले, "तुमच्यातला एक तरी अवयव कामाचा निघाला."

"तोबी गेला," मिस्त्री म्हणाले. "आज गेजवर केलंय. बोटांनी. चुकलं असंल तर गाड्या सांगलीला न्या, माझं म्हणणं न्हाई. पर सोमवारी जे झालं ते ह्यांनी न्हाई केलं. मी केलं. ऐकू येत न्हाई म्हणून सांगाय लाज वाटली, म्हणून तुमचा हेडमास्तर रस्त्यात पडला."

डॉक्टर वाकले. त्यांनी मूठ कानाला लावली. त्यांचा तो पांढरा शर्ट ऑइलला लागला, तरी ते वाकलेलेच होते.

"वाजतोय," ते म्हणाले.

मिस्त्री त्यांच्या ओठांकडं बघत होते. "कसा?"

"हलका."

"एकसारखा?"

"एकसारखा."

"पुढं सरका. दुसरा. आता तिसरा. आठच्या आठ बघा."

एवढ्या मोठ्या सर्जनला त्यांनी आठही टॅपेट ऐकायला लावले. डॉक्टर सरळ झाले तेव्हा त्यांच्या कानाला काळं लागलं होतं.

"आठही सारखेच बोलताहेत."

"मग बरोबर हाय," मिस्त्री म्हणाले, आणि बॉनेटला धरून उभे राहिले.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला. "मगदूम, या चष्म्याचा नंबर साडेपाच आहे. हा काढला की तुम्ही आणि ती ॲम्ब्युलन्स मला सारखेच दिसता. हा घालून मी तीस वर्षं लोकांची पोटं उघडतोय, आणि एकानंही माझ्या डोळ्यांची कीर्ती गायलेली नाही. कान दाखवायला सोमवारी हॉस्पिटलमध्ये या. यंत्र लावतील. लाज वाटली तर वर टोपी घाला. गाड्या इथंच राहतील, पण गेजवर. पुन्हा कुणाच्या पायावर नाही."

महिन्याभरानं यंत्र आलं. शर्टाच्या खिशात डबी आणि तिथून कानात वायर. मिस्त्रींनी वर टोपी घातली नाही. त्या सकाळी त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. डबा नेहमीच्या जागी होता. मी बसलो. पद्माक्का दारात उभी होती. या वेळी नवऱ्याच्या पाठीमागं.

"काय वो," ती हळूच म्हणाली.

मिस्त्री झटकन वळले. ती तोंडाला पदर लावून हसली की रडली ते मला दिसलं नाही.

त्यांनी ॲम्ब्युलन्स सुरू केली. डबीवरचं चाक फिरवलं. डोकं तिरकं केलं. चार वर्षांनी टॅपेट ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा कसा होतो ते मी बघत होतो, आणि माझा पाय, ज्याच्यावर आता कसलीच जबाबदारी उरली नव्हती, आपोआप सुटला होता. पूर्वीसारखा. थडथड, थडथड.

मिस्त्रींच्या कपाळाला आठी पडली.

"ह्यो कसला आवाज?"

"टॅपेट," मी म्हणालो.

"न्हाई. टॅपेट बरोबर हायत. त्याच्या खाली काय तरी वाजतंय. पत्र्यावाणी." त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर लावून बघितला. बॉनेटखाली डोकं घातलं. सायलेन्सर हलवून बघितला. शेवटी वैतागून इंजिनच बंद केलं.

इंजिन थांबलं. आवाज चालूच होता.

मिस्त्री सावकाश माझ्याकडं वळले. त्यांनी माझ्या पायाकडं पाहिलं, मग पायाखालच्या टाचेकडं, मग त्या टाचेबरोबर थडथडणाऱ्या ऑइलच्या डब्याकडं. तीन वर्षं ज्या पायानं त्यांचं गॅरेज चालवलं, तो ते पहिल्यांदाच ऐकत होते.

"साहेब," ते म्हणाले, "पाय हलवू नका. दळिद्र येतंय."